घोट्यावरची जखम भरत नाही : पाय हलवायचा की हलवायचाच नाही?

रानजाई

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात जुने धागे चाळले. मधुमेहाच्या जखमांवर बरंच आहे, शिरांच्या जखमेवर फारसं सापडलं नाही, म्हणून नवा धागा काढतेय.

माझे सासरे, म्हणजे नाना, वय ७१, कराडला असतात. शाळेत शिक्षक होते, म्हणजे आयुष्य फळ्यासमोर उभं राहण्यात गेलं. डाव्या पायाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या हाडाच्या वर जखम आहे. भरत येते, खपली धरते, परत उघडते. दोनेक वर्षं हेच चाललंय. भोवतीची कातडी काळपट आणि कडक झालीय, खाज सुटते, संध्याकाळी सूज. साखर नॉर्मल. डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) झालंय : आतल्या मोठ्या शिरेत गुठळी नाही, पण मांडीपासून खाली येणाऱ्या वरवरच्या शिरेच्या झडपा गळतात. डॉक्टरांनी दाबपट्टी बांधायला सांगितलीय आणि लेसरने ती गळकी शीर बंद करून घ्या म्हणालेत.

आता मूळ प्रश्न. गुडघ्यासाठी फिजिओ घरी येतो. त्याने सहज नानांचं पाऊल वर ढकलून पाहिलं, तर ते काटकोनाच्या पुढे येईचना. तो म्हणाला, "घोटा आखडलाय. हा हलता केल्याशिवाय जखम नीट भरणार नाही, भरली तरी टिकणार नाही." घरात लगेच दोन पक्ष पडले. वन्सं म्हणतात, उघडी जखम असताना घोटा हलवला तर ती फाटेल, पाय उशीवर ठेवून पडून राहा. नाना अर्थातच वन्संच्या पक्षात.

कुणाला अनुभव आहे का? घोट्याचा आणि शिरेच्या जखमेचा खरंच एवढा संबंध असतो?

आजोबा_ऑनलाइन

माझ्या थोरल्या बंधूंना अशीच जखम होती. त्या काळच्या सर्जननी सक्त ताकीद दिली होती, पलंगाचं पायथ्याकडचं टोक विटांवर चढवा आणि झोपून राहा. जखम भरली. त्यामुळे तुमच्या वन्सं बरोबर बोलताहेत. हल्ली जो तो उठून व्यायाम सांगतो.

टकमकटोक

नाना शिक्षक, म्हणजे "खाली बसा" सांगायची सवय. "टाचा वर करा" ऐकायची नाही. (हलके घ्या.)

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये कम्युनिटी नर्स आहे. माझ्या दिवसाचा बराचसा भाग लोकांच्या घरी जाऊन याच जखमा बांधण्यात जातो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आजोबा, पाय वर घेऊन झोपलं की जखम भरते हे खरंच आहे. पाय हृदयाच्या पातळीच्या वर गेला की शिरांमधला दाब उतरतो. घोळ पुढे होतो. माणूस कधीतरी उठणार, आणि उठला की दाब पुन्हा चढणार. तुमचे बंधू उठल्यावर जखम परत आली का, तेही सांगा.

निरोगी माणूस स्तब्ध उभा असेल तर घोट्याजवळच्या शिरेत साधारण ८० ते ९० मि.मी. दाब असतो (बीपी मोजतात तेच पाऱ्याचं माप). हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताच्या उंचीचाच तो दाब. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू आवळतात, शिरा पिळल्या जातात, रक्त वर ढकललं जातं आणि हाच दाब ३० च्या खाली येतो. झडपा गळक्या असतील किंवा पोटरी नीट आवळत नसेल तर चालतानाही तो पुरेसा उतरत नाही. सतत वाढलेल्या दाबाने रक्तातला द्रव आणि तांबड्या पेशी कातडीत झिरपतात. काळा रंग येतो तो त्या पेशींतल्या लोहाचा. मग कातडी घट्ट होते, आणि एक दिवस डास चावल्याचं निमित्त पुरतं.

दाबपट्टी नेमकी याच दाबाशी झुंजते. आमच्याकडे चार थरांची पट्टी बांधतात. ती १९८०च्या दशकात लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये घडली. घोट्याशी सुमारे ४० मि.मी. दाब, आणि वर गुडघ्याकडे कमी होत जाणारा. पण खरी गोम अशी की, कमी ताणली जाणारी (शॉर्ट-स्ट्रेच) पट्टी चालणाऱ्या पायावर जास्त काम करते. पोटरी फुगते, पट्टी तिला बाहेर पसरू देत नाही, सगळा जोर शिरांवर येतो. पाय हललाच नाही तर त्यातला निम्मा फायदा गेला.

तेव्हा फिजिओ बरोबर आहे. पट्टी बांधून हलवायचं, एवढंच.

कढईझारा

मी लग्नाकार्यात स्वैपाक करतो, मु. पो. सांगली. चुलीपुढं उभं राहून पोटऱ्यांच्या शिरा दोरखंडागत वर आल्या. हजाराची पंगत म्हंजे पहाटे तीनला उभं राहायचं ते दुपारी पंगती उठस्तोवर. शिरांकडं कोण बघतोय! घोट्यावर कढईचा काठ घासला, खरचटल्यावानी झालं, आणि त्याची जखम झाली ती झालीच. वास यायचा. लोक काय म्हणतील म्हणून आचाऱ्यानं पायाचं सांगू नये, आमच्या धंद्यात असं हाय.

मी काय करायचो, दुखतंय म्हणून पाय ठेवायचो चवड्यावर. टाच टेकवायचीच नाही. पाऊल तसंच वाकडं झालं. पट्टी बांधायच्या बाईंनी सांगितलं, आधी टाच टेकवून चाला. पहिल्यांदा पोटरीत अशी कळ मारायची की डोळ्यात पाणी. जखम दुखायची नाही बरं का, पोटरी दुखायची. हळूहळू टेकायला लागली. जखम आता भरलीय, डाग हाय. मोजा रोज घालतो. उभं राहून काम आजबी करतो, पण एका जागी नाही. एक चक्कर भाताकडं, एक चक्कर आमटीकडं.

टकमकटोक

भात ते आमटी हा औषधी परिक्रमेचा मार्ग आता सरकारने घोषित करावा.

पाऊलवाट

फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात. रानजाई, तुमच्या फिजिओने गुडघ्यासाठी येऊन घोटा पाहिला याबद्दल त्याला माझ्यातर्फे चहा पाजा. शिरांच्या जखमेत घोटा तपासायचाच राहून जातो. जखमेचे डॉक्टर जखम बघतात, शिरांचे डॉक्टर शिरा, आणि सांधा मधल्यामध्ये बेवारस.

लेस्टरकरताईंनी पोटरीच्या पंपाचं लिहिलं. गावातला हापसा आठवा. दांडा पूर्ण वर-खाली झाला तर बादली भरते. गंज चढून तो चार बोटंच हलला तर माणूस दमतो आणि पाणी चमचाभर. पोटरीच्या पंपाचा दांडा म्हणजे घोटा.

साधारण माणसाचं पाऊल काटकोनापासून वर २० अंशांपर्यंत येतं आणि खाली ४० ते ५० अंश जातं. चालताना पाऊल जमिनीवर असतं आणि नडगी त्याच्यावरून पुढे झुकते, तेव्हा पोटरी ताणली जाते. मग टाच उचलताना ती आवळते. हे ताणणं नसेल तर आवळणंही अर्धवट. आजार जसा पुढच्या पायरीला जातो, नुसत्या फुगलेल्या शिरा, मग सूज, मग काळी कातडी, मग जखम, तसतशी घोट्याची हालचाल घटत जाते, हे १९९०च्या दशकापासूनच्या मोजमापांत दिसलंय.

आता घोटा का आखडतो? दुखतं म्हणून हलवत नाही. सूज. कातडीखालची चरबी आणि पापुद्रे कडक होऊन सांध्याभोवती आवळून बसतात. टाचेमागची जाड शीर, म्हणजे स्नायूबंध हो, रक्ताची नव्हे, आखूड होते. चुकीची बांधलेली जाड पट्टी पाऊल खाली झुकलेलंच धरून ठेवते. आणि खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसणं. नाना बसतात कसे?

शंकासुर

एक शंका. घोटा आखडला म्हणून जखम झाली, की जखम झाली म्हणून घोटा आखडला? जखमवाल्यांचे घोटे मोजले आणि आखडलेले निघाले, यावरून पहिलं सिद्ध होत नाही. छत्रीवाल्यांना मोजलं तर पाऊसही छत्रीमुळेच पडतो.

पाऊलवाट

शंकासुर, शंका रास्त. दोन्ही दिशांनी आहे ते. कुणाच्या घोट्याचं हाड पूर्वी मोडलेलं असतं, कुणाला संधिवात, कुणाचा गुडघा इतका वाकडा की चालच बदललेली; अशांत सांधा आधी बिघडतो आणि शिरा मागाहून. नानांसारख्यांत बहुधा झडपा आधी गेल्या आणि घोटा नंतर. पण एकदा आखडला की तो जखमेला भरू देत नाही, आणि जखम त्याला सुटू देत नाही.

व्यायामाचं म्हणाल तर चाचण्या आहेत. छोट्या आहेत, पण आहेत. त्या एकत्र करून २०१८ साली आढावा निघाला : दाबपट्टीसोबत टाचा उचलण्याचे, हळूहळू वाढवत नेलेले व्यायाम आणि चालणं असेल, तर नुसत्या पट्टीपेक्षा जास्त जखमा भरल्या. "सोबत" हा शब्द सोडू नका. पट्टी काढून व्यायाम, असं कुणी म्हणत नाही.

शंकासुर

मान्य. पण मग "घोटा सुटल्याशिवाय जखम भरणारच नाही" हे फिजिओचं वाक्य जरा जास्तच झालं. पट्टीने एकट्याने भरलेल्या जखमा ढिगाने असतील.

लेस्टरकर

आहेत. रोज पाहते. परत उघडलेल्याही रोज पाहते.

आजोबा_ऑनलाइन

ताईंनी विचारलं म्हणून सांगतो. बंधूंची जखम परत आली होती. दोनदा. पण त्याला कारण ते शेतात जायचे.

बाकी ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसनेसुद्धा लिहून ठेवलंय की पायाला व्रण असेल तर उभं राहू नये. अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, आजची नाही.

वाचनखूण

आजोबा, हिप्पोक्रेटिसने उभं राहू नये म्हटलंय, आणि ते पटण्यासारखंच आहे. उभं राहणं वेगळं, चालणं वेगळं. जरा अवांतर होतंय, पण इतिहास मजेदार आहे. शिरांतल्या झडपांवर इटलीतल्या पादुआच्या शरीररचनातज्ज्ञ फॅब्रिशियसने १६०३ साली पुस्तिका छापली, पण त्याला वाटलं की त्या रक्ताला खाली धो-धो जाऊ न देण्यासाठी आहेत. झडपा रक्ताला हृदयाकडेच जाऊ देतात, हे त्याच्याच विद्यार्थ्याने, विल्यम हार्वीने, १६२८ मध्ये मांडलं. गुरुजींनी झडपा दाखवल्या आणि दिशा शिष्याने ओळखली.

पुढे १७९७ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या सर्जन थॉमस बेंटनने चिकटपट्ट्या ओढून पाय बांधायची पद्धत छापली. तिचं वैशिष्ट्य काय, तर रोग्याने अंथरुणात पडायचं नाही, आपल्या कामावर जायचं. म्हणजे झोपा की चाला हे भांडण नानांच्या घरातलं नाही, सव्वादोनशे वर्षांचं आहे.

टकमकटोक

नानांच्या वन्सं वि. बेंटन, ब्रिस्टल. पुढील तारीख?

रानजाई

वन्सं माझ्या आहेत, नानांची ती लेक. 😄

पाऊलवाट, तुम्ही विचारलंत आणि मी चपापले. नाना रात्री पलंगावर झोपतच नाहीत हल्ली. पाठ दुखते म्हणून आरामखुर्चीत बसूनच झोपतात, पाय खाली. दिवसाही टीव्हीसमोर तिथेच. पूर्वी शौचाला उकिडवे बसायचे, गुडघा दुखायला लागल्यावर कमोड बसवला. जमिनीवर जेवायला बसणं तर कधीच बंद झालंय.

पाऊलवाट

बघा, सापडलं. खुर्चीत झोपणं म्हणजे रात्रभर शिरांना सुट्टीच नाही. पलंगावर झोपवा, पाठीला उशा द्या, पण पाय वर हवेत. स्टुलावर पाय ठेवला म्हणजे वर घेतला, असं नाही. पाऊल छातीच्या वर जायला हवं.

उकिडवं बसण्याचं आणखी एक. त्या बैठकीत घोटा जेवढा वाकतो तेवढा दिवसभरात दुसऱ्या कशात वाकत नाही. कमोड आला तशी ती वाकण्याची वेळच संपली. गुडघा दुखत असताना पुन्हा उकिडवे बसवा असं मी सांगणार नाही. पण ती गेलेली हालचाल दुसरीकडून भरून काढायला हवी.

जे मी पेशंटना देते ते लिहिते. तुमच्या फिजिओला दाखवूनच करा, पट्टी बांधलेली असताना.

बसल्या बसल्या किंवा आडवं पडून पाऊल पूर्ण वर, पूर्ण खाली. सावकाश. जाहिरात लागली की करायचं, नानांना वेळ बघावा लागणार नाही. टॉवेल किंवा जुनी ओढणी चवड्याला अडकवून गुडघा सरळ ठेवून स्वतःकडे ओढायचं, पोटरीत ताण जाणवेपर्यंत. नंतर ओट्याला धरून टाचा उचलायच्या. उचलण्यापेक्षा खाली येताना सावकाश यायचं, काम तिथे होतं. आधी दोन्ही पायांवर, जमलं तर पुढे एका पायावर. आणि चालताना टाच आधी टेकवायची. नाना बहुधा पाऊल सपाट घासत चालत असतील. कढईझारा यांनी टाचेचं लिहिलंय ते लाख मोलाचं आहे.

प्रगती बघायची तर भिंतीसमोर उभं राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा, आणि अंगठा भिंतीपासून किती लांब राहतो ते पट्टीने मोजायचं. मास्तर आहेत, वहीत नोंद ठेवतील.

कोयनाकाठ

हे सगळं वाचून कुणी आजच घरातल्या जखमेवर घट्ट पट्टी आवळू नका, म्हणून लिहितो. माझ्या मामांची जखम घोट्याच्या बाहेरच्या बाजूला होती, गोल, खोल, कडा कापल्यासारख्या. दुखणं भयंकर, रात्री पाय पलंगाखाली सोडला की बरं वाटायचं. मामा विडीवाले. एका ठिकाणी "व्हेरिकोज" म्हणून कचकचून पट्टी बांधली गेली. दोन दिवसांत बोटं निळी. ती जखम रक्त कमी पोचल्यामुळे झालेली होती, धमनीची. बायपास झाली म्हणून पाय वाचला.

लेस्टरकर

कोयनाकाठ, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. पट्टीआधी हाताचा आणि घोट्याचा रक्तदाब डॉपलरच्या पेनने मोजून, घोट्याच्या आकड्याला हाताच्या आकड्याने भागून गुणोत्तर काढतात. ०.८ पेक्षा कमी आलं तर पूर्ण दाबाची पट्टी बांधत नाहीत, ०.५ च्या खाली तर पट्टी नकोच, थेट रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे. मधुमेह्यांच्या धमन्या अनेकदा कडक असतात, त्यामुळे आकडा खोटाच चांगला येऊ शकतो. मग पायाच्या अंगठ्याचा दाब बघावा लागतो. रानजाई, नानांचं झालेलं डॉपलर शिरांचं आहे. धमन्यांचं झालंय का, तेवढं विचाराच.

आणखी, एक पाय अचानक टणक सुजला, पोटरी दुखते, दम लागतो, असं झालं तर व्यायाम वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गुठळी असू शकते.

बेलफळ

या सगळ्यात आयुर्वेदाचं कुणीच बोललं नाही. माझ्या काकूंना जळवा लावल्या होत्या. काळं रक्त शोषलं गेलं, सूज उतरली, खाज गेली. सुश्रुताने जळवांवर अख्खा अध्याय लिहिलाय. पाश्चात्त्यांना आता जाग आली.

शंकासुर

आली कुठली अध्यायावर गाडी! जळू रक्त पिते, झडप शिवत नाही. दुसऱ्या दिवशी उभं राहिलं की तेवढंच रक्त परत खाली.

वाचनखूण

दोघेही थोडे थांबा. प्लास्टिक सर्जन तुटलेलं बोट जोडल्यावर साचलेलं रक्त काढायला आजही जळवा वापरतात, २००४ पासून अमेरिकेत त्यांना वैद्यकीय साधन म्हणून मान्यता आहे. त्यामुळे हसण्यासारखं नाही. पण जळवेच्या आतड्यातले जंतू जखमेत जाऊ शकतात, म्हणून तिथे सोबत अँटिबायोटिक देतात. आणि शंकासुर म्हणतात तेही खरं : सूज उतरली तरी गळती तशीच राहते.

बेलफळ

गळती राहते हे मला मान्य आहे, काकू मोजेही घालतात. पण आराम पडला तो पडला. "हसण्यासारखं नाही" एवढं मान्य केलंत, पुरे.

दुपारची_झोप

मलमांबद्दल कुणीतरी लिहा. आमच्याकडे जखम म्हटलं की सोफ्रामायसिन. बाबांच्या पायाला महिनोन्‌महिने लावलं. जखमेपेक्षा भोवतीची कातडी जास्त लाल, पाणी सुटलेलं. त्वचारोगतज्ज्ञांनी अ‍ॅलर्जीची पॅच टेस्ट केली, तर त्याचीच अ‍ॅलर्जी.

लेस्टरकर

अगदी नेहमीचं. या कातडीला अ‍ॅलर्जी फार पटकन होते. सोफ्रामायसिन, निओमायसिन, सुगंधी क्रीम, कधी रबरसुद्धा. पू, ताप, पसरणारी लाली नसेल तर अँटिबायोटिक मलमाची गरजच नसते. कोमट पाण्याने धुणं, न चिकटणारी साधी जाळी, भोवतीच्या कोरड्या कातडीला साधं व्हॅसलिन. हळद-बिळद नको. आणि सगळं नीट करूनही महिनोन्‌महिने भरत नसेल, कडा जाड होऊन उलटायला लागल्या, तर तुकडा तपासायला पाठवा. जुनाट जखमेत क्वचित कर्करोग होतो.

आजोबा_ऑनलाइन

ताई, तुम्ही घाबरवता फार.

लेस्टरकर

आजोबा, क्वचित म्हटलंय. पण ज्याच्या बाबतीत झालं त्याचा तुकडा वेळेत गेलेला असावा, एवढंच.

पिठलंभाकरी

लेसरचं कुणी बोलेना. रानजाईताई, डॉक्टर लेसर करा म्हणालेत ना? मग थांबलाय कशाला? आमच्या घरी "आधी जखम भरू दे, मग बघू" करत वर्ष गेलं.

शंकासुर

याच्यावर मात्र मोठी चाचणी आहे. २०१८ साली ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर झाली. सगळ्यांना दाबपट्टी. अर्ध्यांची गळकी शीर दोन आठवड्यांत बंद केली, बाकीच्यांची जखम भरल्यावर किंवा सहा महिन्यांनी. लवकर केलेल्यांची जखम भरायला मध्यक (निम्म्या जणांची तेवढ्यात भरली असा आकडा) ५६ दिवस लागले, थांबलेल्यांना ८२. त्याआधी २००४च्या एका चाचणीत शिरेच्या ऑपरेशनने जखम लवकर भरली नव्हती, पण वर्षभरात परत उघडण्याचं प्रमाण २८ टक्क्यांवरून १२ वर आलं होतं. म्हणजे जखम उघडी आहे म्हणून थांबायचं कारण नाही.

टकमकटोक

शंकासुरांनी शंका न काढता उत्तर दिलं. तारीख लिहून ठेवा.

पाऊलवाट

आणि पिठलंभाकरी, लेसरने झडपेची गळती थांबते, गंजलेला हापसा सुटत नाही. शीर बंद केल्यावरही खुर्चीत पाय लोंबकळत झोपणाऱ्याची सूज राहते. दोन्ही करा.

रानजाई

सगळ्यांचे आभार. घरी बरीच उलथापालथ झाली.

धमन्यांचं मोजमाप झालं, गुणोत्तर १ च्या आसपास आहे, म्हणजे पट्टीला हरकत नाही. लेसरची तारीख घेतलीय. आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी काढली : नाना बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन घेतात, त्याने घोट्याला सूज येते म्हणे. गोळी बदलून दिलीय. स्वतःहून बंद करू नका असंही बजावलं, म्हणून इथे मुद्दाम लिहितेय.

आरामखुर्ची वन्संनी माळ्यावर टाकली! पक्षांतर झालंय त्यांचं. त्यांना हापशाचं पटलं. नाना चिडलेत, पण भिंतीवरचं मोजमाप वहीत लिहितात. दोन खाने, डावा-उजवा, खाली सही. "प्रगती असमाधानकारक" असा शेरा स्वतःलाच दिलाय.

अडचण चपलेची. पट्टीमुळे बूट बसत नाही. सपाता घातल्या की त्या सांभाळायला पाऊल घासतच चालतात, टाच आधी टेकतच नाही.

कढईझारा

सपाता फेकून द्या ताई. मागं पट्टा पायजे, नाहीतर चवड्यानं चप्पल धरून चालावं लागतं आणि टाच मरते. पुढनं आणि वरनं चिकटपट्टीवाले सँडल मिळतात, मधुमेहवाल्यांचे म्हणून. एक माप मोठं घ्या. आमच्या पाव्हण्यानं चांभाराकडनं जुन्या सँडलचे पट्टे वाढवून घेतले, निम्म्यात काम झालं. पण दोन्ही पायांची जाडी सारखी ठेवा, नाहीतर कंबर धरती.

पाऊलवाट

+१. आणि तळ घसरडा नको.

दुपारची_झोप

धागा वाचून आईसाठी मोजे आणायला गेले. दुकानदार म्हणाला "मीडियम न्या, सगळ्यांना बसतं". असं असतं का? आणि उन्हाळ्यात कसे घालायचे? तिच्या हातात जोरही नाही.

लेस्टरकर

मुळीच असं नसतं. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी, सूज नसताना, घोट्याचा सर्वांत बारीक घेर, पोटरीचा सर्वांत जाड घेर आणि टाचेपासून गुडघ्याखालपर्यंतची लांबी मोजा. दाबाचा वर्ग डॉक्टर लिहून देतील. धमन्या तपासल्याशिवाय मोजे घेऊ नका, वर सगळं आलंय.

घालायचेही सकाळीच. पुढून उघडा मोजा असेल तर पायात आधी पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा, मोजा सरसर वर जातो, मग पिशवी बोटांच्या बाजूने ओढून काढा. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले की पकड चांगली मिळते. एकदम जास्त दाबाचा जमत नसेल तर कमी दाबाचे दोन एकावर एक चालतात. उन्हाळ्यात त्रास होतोच, पण कमी दाबाचा मोजा रोज घातलेला बरा, जास्त दाबाचा कपाटात ठेवून काय करायचंय. आणि चार-सहा महिन्यांत त्याचा ताण जातो, तेव्हा नवा घ्यायचा.

दुपारची_झोप

घेर २३ आणि ३७ आला. डॉक्टरांना फोटो पाठवलाय. पिशवीची युक्ती जुन्या मोज्यावर करून पाहिली, जमते. किराणावाल्याची जाड पिशवी नाही चालत, दुधाची धुतलेली पिशवी कापून घेतली.